चाकांवरचे घर आणि आपली प्रकृती

मार्च-एप्रिल आला की दवाखान्यात एक ठराविक मंडळी येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आणि उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे जायचे म्हणून प्रकृती तपासून घ्यायला आलेले आई-वडील. विमानात पाय सुजतील का, औषधे किती न्यावीत, हे त्यांचे नेहमीचे प्रश्न. यंदा एका निवृत्त शिक्षकांनी जरा वेगळा प्रश्न आणला. त्यांना स्वतःला चौदा वर्षांचा मधुमेह, पत्नीला रक्तदाब. मुलाने जुलैत दहा दिवसांची सहल आखली आहे. डेन्व्हर शहरातून निघायचे, रॉकी पर्वतातून यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जायचे, आणि गाडीच्या मागे 'ट्रॅव्हल ट्रेलर' जोडायचा. "डॉक्टर, हॉटेल नाही, बाहेरचे खाणे नाही. घरच सोबत असणार. मग काळजी कसली?" असे त्यांचे म्हणणे.

आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच उपयोगी पडेल असे वाटल्याने आजचा लेख या विषयावर.

ट्रेलर म्हणजे काय?

ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडावी तशी मोठ्या गाडीच्या मागे जोडायची ही चाकांवरची खोली. रुंदी साधारण आठ फूट, लांबी वीस-पंचवीस फूट किंवा त्याहूनही अधिक. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, संडास सगळे असते. पुढच्या बाजूला प्रोपेन गॅसच्या टाक्या, खाली पाण्याची टाकी. सांडपाण्यासाठी आणि मैल्यासाठी वेगवेगळ्या टाक्या. अमेरिकेत जून ते ऑगस्ट शाळांना सुट्टी असते. त्या काळात आजी-आजोबा, मुले, नातवंडे असे अख्खे कुटुंब ट्रेलर घेऊन निघते. मुक्कामाच्या तळावर ठरलेली जागा मिळते. बऱ्याच तळांवर नळ व विजेची जोडणीही असते. सहल फार आनंदाची होते, यात शंका नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या पक्क्या घरात हवा, पाणी आणि तपमान या तीन गोष्टींकडे आपण लक्ष देत नाही, कारण घरच त्या सांभाळत असते. भिंती जाड, खोल्या मोठ्या, शेगडी एका खोलीत तर झोपणे दुसऱ्या खोलीत. ट्रेलरमध्ये शेगडी, फ्रीज, हीटर आणि अंथरूण एकाच पेटीत असतात. म्हणून या तीन गोष्टींवर तेथे आपल्याला स्वतः नजर ठेवावी लागते. ट्रेलरला घर समजण्यास हरकत नाही. मात्र हे घर स्वतःची काळजी स्वतः घेत नाही.

धावत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये

आरंभीच हे सांगतो, कारण मोह मोठा असतो. मागे पलंग आहे, आजोबांची कंबर दुखते आहे, तर जरा आडवे होऊ द्या, असे घरच्यांना वाटते. पण ट्रेलरला बसण्याची आसने नसतात आणि पट्टेही नसतात. जोराचा ब्रेक लागला तर आतला माणूस व आतले सामान एकाच वेगाने पुढे फेकले जाते. शिवाय आत कोणाला अस्वस्थ वाटले तर पुढे गाडी चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अमेरिकेत याबाबतचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे, आणि अनेक राज्यांत त्याला मनाई आहे. डॉक्टर म्हणून आमचा कायदा मात्र एकच : गाडी चालू असताना सर्वांनी पुढच्या गाडीत, पट्टा लावून बसावे. मुलांना त्यांच्या वयाचे खास आसन असावे. कंबर दुखत असेल तर गाडी थांबवून पाय मोकळे करावेत.

न दिसणारा, न कळणारा वायू

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोणतेही इंधन जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. या वायूला हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी हळूहळू रक्तातील जागा बळकावतो, आणि मेंदू व हृदय उपाशी राहतात.

आपल्याकडे बंद बाथरूममधील गॅस गिझरमुळे झालेल्या दुर्घटनांच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात. त्यामागे बहुधा हाच वायू असतो. ट्रेलरमध्ये तो शेगडीतून, हीटरमधून, बिघडलेल्या गॅसच्या फ्रीजमधून किंवा जनरेटरच्या धुरातून येऊ शकतो. जनरेटर आपलाच असला पाहिजे असे नाही. शेजारच्या ट्रेलरचा धूरही आपल्या खिडकीतून आत येतो.

वाचकांना वाटेल, उन्हाळ्यात हीटर कशाला? पण यलोस्टोनमध्ये जुलैतसुद्धा रात्री चांगलाच गारठा पडतो. उंच भागात पारा गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकतो. आपल्या उन्हाळ्याची सवय असलेल्या आजींना हुडहुडी भरते. मग सगळ्या खिडक्या, छतावरची झडप घट्ट बंद होते आणि 'जरा ऊब येऊ दे' म्हणून शेगडी चालू ठेवली जाते. धोका नेमका येथे आहे. स्वयंपाकाच्या शेगडीचा उपयोग खोली तापविण्यासाठी कधीही करू नये. कोळशाची शेगडी विझत आलेली असली तरी आत आणू नये. स्वयंपाक करताना वरची झडप व एक खिडकी उघडी ठेवावी. थंडीला उपाय म्हणून स्वेटर, कानटोपी आणि जास्तीचे पांघरूण न्यावे.

लक्षणे कोणती? डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे होणे. हीच लक्षणे प्रवासाच्या शिणाचीही असतात, म्हणून माणूस 'झोपल्यावर बरे वाटेल' म्हणून आडवा होतो आणि उठत नाही. ओळखण्याची खूण अशी : एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागते, ताप नसतो, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते. अशी शंका येताच विचार करीत बसू नये. झोपलेल्यांना उठवून सर्वांनी बाहेर पडावे, ९११ या क्रमांकावर फोन करावा, आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा आत जाऊ नये. रुग्णालयात प्राणवायू देऊन उपचार करतात. हृदयरोगी, रक्त कमी असलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना हा वायू अधिक लवकर बाधतो.

येथे एक सूचना. २०२० च्या कोरोना साथीपासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले आहे. या विषबाधेत त्याच्यावर विश्वास ठेवू नये. रक्तात प्राणवायू आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे साध्या ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही. आकडा ९७-९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. खरा पहारेकरी म्हणजे ट्रेलरमधील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ट्रेलर ताब्यात घेताना त्याचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे, आणि त्यावरील मुदतीची तारीख वाचावी. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो व तो जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. दोन्ही असावेत.

ऊन आणि बंद गाडी

डोंगरावर रात्री थंडी असली तरी खालच्या पठारावर दुपारी कडक ऊन असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तपमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे दहा-अकरा अंश सेल्सिअसने चढते. बाहेर ३२ अंश असले तर आत ४२ व्हायला चहा पिण्याइतकाच वेळ लागतो. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा खूपच लवकर तापते. म्हणून झोपलेले नातवंड 'उठवायला नको' म्हणून गाडीत ठेवून दुकानात जाणे सर्वथा चूक. हेच म्हाताऱ्या माणसालाही लागू. ट्रेलरमधील वातानुकूल यंत्र तळावरील विजेवर किंवा जनरेटरवर चालते; वीज गेली तर तीही एक तापलेली पेटीच.

वय वाढले की तहान लागण्याची जाणीव बोथट होते. त्यातच रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी होतात. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. आधी थंड करणे आणि त्याच वेळी ९११ ला कळवणे, हाच उपचार. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. क्रोसिनने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

कळसूबाईपेक्षा उंचावर मुक्काम

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. डेन्व्हर शहरच सुमारे १६०० मीटरवर वसले आहे. यलोस्टोनचे मोठे सरोवर २३५० मीटरच्या वर आहे. रॉकी पर्वतातील ट्रेल रिज हा प्रसिद्ध रस्ता तर ३७०० मीटरपर्यंत चढतो. म्हणजे तेथे आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर स्वयंपाक करतो आणि झोपतो. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. २४०० मीटरवर समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश.

निरोगी माणसालाही पहिले एक-दोन दिवस धाप लागणे, डोके जड होणे, झोप नीट न लागणे असा त्रास होऊ शकतो. उपाय साधे आहेत. डेन्व्हरसारख्या ठिकाणी एक-दोन रात्री काढून मग वर जावे. पहिल्या दिवशी लांबचे चालणे टाळावे. मद्य व झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. रक्त कमी असणाऱ्यांनी, जुना दमा, फुप्फुसाचा विकार किंवा हृदयाची कमजोरी असणाऱ्यांनी हा बेत आधीच डॉक्टरांना दाखवावा. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे व उपचार घ्यावेत.

आता एक पेच पाहा. उंचीवरही डोके दुखते, कार्बन मोनॉक्साइडनेही दुखते. फरक कसा करायचा? घरच्या माणसाने फरक करीत बसूच नये. बंद ट्रेलरमध्ये डोके दुखू लागले तर आधी बाहेर यावे व दारे-खिडक्या उघडाव्यात. कारण कोणते याचा शोध बाहेर उभे राहून घेता येतो.

इन्सुलिन आणि इतर औषधे

मधुमेहींनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. अमेरिकेत नेहमीचे इन्सुलिन १०० युनिटचे व सिरिंज नारिंगी टोपणाची असते. तिकडचे इन्सुलिन इकडच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात ५० युनिट शरीरात जातात. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. उलट, इकडचे इन्सुलिन तिकडच्या सिरिंजने घेतले तर २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. म्हणून इन्सुलिनबरोबर त्याच मापाच्या पुरेशा सिरिंजा येथूनच न्याव्यात. कुपी फुटल्यास तिकडच्या डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि फार तापले तरी निकामी होते. ट्रेलरचा फ्रीज लहान असतो. त्यातील थंड पट्ट्यांना चिकटून ठेवलेली कुपी गोठू शकते. गॅसवर चालणारा फ्रीज ट्रेलर तिरका उभा असेल तर नीट काम करीत नाही. म्हणून कुपी डब्यात घालून फ्रीजच्या मधल्या भागात ठेवावी व शेजारी छोटा थर्मामीटर ठेवावा. चालू वापरातील कुपी सुमारे २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात साधारण चार आठवडे चालते. उभ्या गाडीच्या कप्प्यात मात्र ती कधीही विसरू नये. जेवणाची वेळ टळणार असेल तर साखर किंवा ग्लुकोज हाताशी असावे. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे सुनेला-नातवंडांनाही सांगून ठेवावीत.

औषधांच्या येथील कंपनीच्या नावांचा तिकडे उपयोग नाही. चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव इंग्रजीत लिहून घ्यावे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही वेगळी समजून दोन्ही घेतली तर मात्रा दुप्पट होते. सर्व औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. प्रवासाचा विमा काढताना जुन्या आजारांबाबत काय लिहिले आहे ते बारकाईने वाचावे. तिकडचा रुग्णालयाचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा असतो.

पाणी, संडास आणि हात

ट्रेलरची टाकी हिवाळाभर बंद राहिलेली असू शकते. ती निर्जंतुक करून घेतली आहे का, हे भाड्याने देणाऱ्याला विचारावे. पिण्यासाठी 'पिण्याचे पाणी' असे लिहिलेल्या नळाचेच पाणी भरावे. मैल्याची टाकी रिकामी करण्याची नळी आणि पाण्याची नळी कधीही एकत्र ठेवू नयेत. ते काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. केवळ सॅनिटायझर पुरत नाही. उलट्या-जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत.

प्रवासात संडास मागच्या ट्रेलरमध्ये आणि आपण पुढच्या गाडीत. मग विशेषतः स्त्रिया 'थांबवायला कशाला सांगा' म्हणून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवून धरतात. त्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची तर लघवी अडूनच बसू शकते. यावर उत्तर एकच : दर दोन तासांनी गाडी थांबवायचीच, कोणी म्हणो वा न म्हणो. त्या दहा मिनिटांत थोडे चालावे. चार तासांहून अधिक वेळ एकाच जागी बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप आणि छातीत कळ, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. जड ट्रेलर ओढणाऱ्या चालकालाही ही विश्रांती हवीच असते.

घाटात उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावे, दूरवर पाहावे, हलके खाऊन निघावे. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते व प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी अडू शकते. वयस्कांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आपल्याकडेही हेच

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हा चाकांवरची घरे आपल्या रस्त्यांनाही अनोळखी राहिलेली नाहीत. पण कॅरव्हान नसली तरी काय झाले? बंद जागेत उभी असलेली गाडी एसीसाठी चालू ठेवून झोपणारे चालक, लग्नाच्या मांडवाबाहेर उन्हातील गाडीत झोपवलेले मूल, दिवसभर पाणी न पिता देवदर्शनाला निघालेल्या आजी आपल्या अवतीभवतीच आहेत. वर सांगितलेले सर्व नियम त्यांनाही तंतोतंत लागू पडतात.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे :

१) दोन्ही अलार्म वाजवून पाहिले का?
२) सर्वजण पुढच्या गाडीत पट्टा लावून बसले का?
३) इन्सुलिन व सिरिंज एकाच मापाचे आहेत का?
४) औषधांची इंग्रजी चिठ्ठी व विम्याचे कागद हाताशी आहेत का?
५) उबदार कपडे घेतले का?
६) दर दोन तासांनी थांबण्याचे चालकाशी ठरले का?

या सहा प्रश्नांना 'हो' असे उत्तर असेल तर मधुमेह आणि रक्तदाब असूनही ही सहल खुशाल करावी. नातवंडांबरोबर दहा दिवस एका खोलीत राहायला मिळणे हे आमच्या कोणत्याही टॉनिकपेक्षा गुणकारी आहे. फक्त झोपण्यापूर्वी शेगडी बंद आणि झडप थोडी उघडी आहे ना, एवढे एकदा उठून पाहावे.